लिम-होमिओडोमेन जनुककुल आणि मज्जासंस्थेची घडण

१. साम्याचे चार अर्थ

प्राण्यांच्या मज्जासंस्थांची तुलना करू लागले म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतो तो त्यांच्यातील भेद. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या गोलकृमीच्या प्रौढ उभयलिंगी शरीरात अवघ्या ३०२ मज्जापेशी असतात. फळमाशीच्या मेंदूत त्यांची संख्या लाखाच्या वर जाते आणि उंदराच्या मेंदूत ती सुमारे सात कोटी भरते. रचनेतही साम्य थोडेच. कृमीला कॉर्टेक्स नाही, माशीला हिप्पोकॅम्पस नाही आणि उंदराला पंख नाहीत. असे असूनही या तिन्ही प्राण्यांच्या शरीरात पेशींचे भवितव्य ठरविण्याच्या कामी एकाच कुलातील जनुके प्रवृत्त झालेली असतात, ही गोष्ट १९८८ नंतरच्या संशोधनाने निःसंशय सिद्ध केली. हे कुल म्हणजे लिम-होमिओडोमेन जनुककुल होय.

एखादे जनुककुल उत्क्रांतीत टिकून राहिले आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानाचे निदान चार वेगवेगळे अर्थ संभवतात. दोन प्राण्यांतील जनुकांची अक्षरमाला सारखी आहे, हा पहिला अर्थ. ती जनुके दोघांच्याही शरीरात तुल्य स्थानी व्यक्त होतात, हा दुसरा. एकाचे कार्य दुसरे पार पाडू शकते, हा तिसरा. आणि ते कार्य ज्या रेणवीय यंत्रणेच्या द्वारा घडते ती यंत्रणाच दोन्हीकडे एक आहे, हा चौथा. यांपैकी पहिला अर्थ सिद्ध झाला म्हणून चौथा आपोआप सिद्ध होत नाही. प्रत्येकास स्वतंत्र पुरावा लागतो आणि प्रत्येक पुराव्यास वेगळ्या जातीचा प्रयोग लागतो. लिम-होमिओडोमेन कुलाचा इतिहास हा पहिल्या अर्थापासून चौथ्या अर्थापर्यंतच्या प्रवासाचा इतिहास आहे. त्या प्रवासाचे शेवटचे आणि अवघड टप्पे ज्या थोड्या प्रयोगशाळांत पार पडले, त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा समावेश होतो. म्हणून या इतिहासाचे समालोचन येथील विद्यार्थ्यांना विशेष उद्बोधक ठरावे.

२. कुलाचे नामकरण

१९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने आणि अमेरिकेत मॅथ्यू स्कॉट व एमी वायनर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. फळमाशीच्या शरीराची खंडवार रचना ठरविणाऱ्या अनेक जनुकांत सुमारे १८० अक्षरांचा एक खंड जवळजवळ जसाच्या तसा आढळतो, असे त्यांना दिसून आले. या खंडास होमिओबॉक्स हे नाव मिळाले. त्यातून तयार होणारा ६० अमिनो आम्लांचा प्रथिनखंड म्हणजे होमिओडोमेन. तो डीएनएला चिकटतो आणि इतर जनुकांचे कार्य चालू वा बंद करतो. या शोधानंतर होमिओबॉक्स असलेली जनुके निरनिराळ्या प्राण्यांत शोधण्याची एक लाटच उसळली.

त्या लाटेतच तीन जनुके पुढे आली. कोलंबिया विद्यापीठातील मार्टिन चॅल्फी कृमीच्या स्पर्शज्ञानाचा अभ्यास करीत होते. कृमीच्या अंगास केसाच्या टोकाने हळूच स्पर्श केला तर तो दूर सरतो, आणि ही जाणीव केवळ सहा ग्राही मज्जापेशींवर अवलंबून असते. चॅल्फी व जॉन सल्स्टन यांनी १९८१ मध्ये ही जाणीव गमावलेल्या उत्परिवर्तित कृमींचे विस्तृत वर्णन केले. त्यांपैकी मेक-३ या जनुकात होमिओबॉक्स असल्याचे जेफ्री वे व चॅल्फी यांनी १९८८ मध्ये दाखविले. हे जनुक नसेल तर त्या सहा पेशी जन्मास येतात, पण स्पर्शग्राही होत नाहीत. पेशीचा जन्म आणि पेशीची ओळख या दोन निराळ्या घटना आहेत, हा पुढील साऱ्या इतिहासाचा सूर येथे प्रथम ऐकू येतो.

१९९० मध्ये 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख लागोपाठ प्रसिद्ध झाले. पहिला रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेचा. त्यात कृमीच्या जननद्वाराच्या पेशीवंशावर नियंत्रण ठेवणाऱ्या लिन-११ या जनुकाचे वर्णन होते. दुसरा स्वीडनमधील थॉमस एडलुंड यांच्या गटाचा. त्यात उंदराच्या जातीतील घूस-सदृश प्राण्यात, म्हणजे रॅटमध्ये, इन्शुलिनच्या जनुकास चिकटणाऱ्या आयएसएल-१ या प्रथिनाचे वर्णन होते. दोन्हींत होमिओडोमेनखेरीज सिस्टीन या अमिनो आम्लाने समृद्ध असा, जस्ताचे अणू धरून ठेवणारा एक खंड दोनदा आलेला होता, आणि तोच खंड मेक-३ मध्येही होता. लिन, आयएसएल आणि मेक या तीन नावांच्या रोमन आद्याक्षरांवरून या खंडास 'लिम' म्हणू लागले. एकाचा शोध जननद्वाराच्या, दुसऱ्याचा स्वादुपिंडाच्या आणि तिसऱ्याचा स्पर्शज्ञानाच्या अभ्यासातून लागला. कुल शोधावयास कोणीच निघाले नव्हते. अक्षरमाला शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा नाते उघड झाले.

हे नाते मज्जासंस्थेच्या दृष्टीने किती अर्थपूर्ण आहे याची साक्ष लवकरच मिळाली. स्वादुपिंडात सापडलेले आयएसएल-१ हे पृष्ठवंशी भ्रूणाच्या मज्जारज्जूतील चालक मज्जापेशींचे अगदी आरंभीचे चिन्ह आहे, असे १९९२ मध्ये कळून आले. १९९४ मध्ये थॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या भ्रूणात या कुलातील चार जनुकांची तपासणी केली. कोणत्या चालक पेशीत यांपैकी कोणती जनुके एकत्र व्यक्त होतात, त्यावरून ती पेशी मज्जारज्जूच्या कोणत्या स्तंभात बसेल आणि तिचा तंतू कोणत्या दिशेने वाढेल हे ओळखता येते, असे तेथे दिसले. पुढे १९९६ मध्ये आयएसएल-१ काढून टाकलेल्या उंदरांत चालक मज्जापेशीच तयार होत नाहीत असे सिद्ध झाले.

आज सस्तन प्राण्यांत या कुलाची १२ जनुके ज्ञात आहेत. ती सहा उपकुलांत जोडीजोडीने बसतात. कृमीत सात जनुके आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात स्पंज आणि ट्रायकोप्लॅक्स यांच्या जनुकसंचयातही या कुलाचे सभासद आढळले. या दोन्ही प्राण्यांना मज्जापेशीच नाहीत. तेव्हा हे कुल मज्जासंस्थेसाठी निर्माण झाले असे म्हणता येत नाही. मज्जासंस्था अस्तित्वात येण्यापूर्वीच ते होते आणि मज्जासंस्थेने त्याचा उपयोग करून घेतला, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

३. पंखहीन माशी

सहा उपकुलांपैकी एकाचा इतिहास येथे विस्ताराने पाहावयाचा आहे. त्याची सुरुवात मज्जासंस्थेपासून फार दूर झाली. १९१४ मध्ये चार्ल्स मेट्झ यांनी फळमाशीच्या एका पंखहीन प्रकाराचे आणि त्याच्या आनुवंशिक वर्तनाचे वर्णन केले. पंखहीन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास अ‍ॅप्टेरस म्हणतात. या जनुकाची अक्षरमाला १९९२ मध्ये हाती आली, आणि ते लिम-होमिओडोमेन कुलातील निघाले.

माशीचा पंख अळीच्या शरीरातील पेशींच्या एका चपट्या पिशवीतून घडतो. या पिशवीच्या वरच्या अर्ध्या भागातील पेशींत अ‍ॅप्टेरस कार्यरत असते, खालच्या भागात नसते. दोहोंच्या सीमेवर पंखाची कडा तयार होते, आणि त्या कडेच्या पेशींतून विंगलेस नावाचे संदेशवाहक प्रथिन स्रवते. १९९३-९४ मधील प्रयोगांनी असे दाखविले की वरच्या भागातील थोड्याच पेशींतून अ‍ॅप्टेरस काढून घेतले तर त्या पेशी मरत नाहीत. त्या खालच्या भागाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि त्यांच्या सभोवती भलत्याच ठिकाणी नवी कडा उमटते.

अशा जनुकासाठी स्पॅनिश शास्त्रज्ञ अँतोनियो गार्सिया-बेयीदो यांनी १९७५ मध्येच एक संज्ञा सुचविली होती. मराठीत तीस 'निवडकर्ते जनुक' असे म्हणता येईल. हे जनुक पेशीपुढील दोन पर्यायांतून एक निवडते. ते असले तर एक मार्ग, नसले तर दुसरा. अवयव बांधण्याचे प्रत्यक्ष काम इतर शेकडो जनुके करतात, परंतु कोणता अवयव बांधावयाचा हे यावर ठरते.

अ‍ॅप्टेरसचे कार्य पंखापुरते नव्हते. माशीच्या भ्रूणातील मज्जारज्जूत काही मोजक्या आंतरमज्जापेशींत ते व्यक्त होते. या पेशींचे तंतू एरवी एका जुडीत मिळून पुढे जातात. अ‍ॅप्टेरस नसले म्हणजे तंतू वाढतात खरे, पण त्यांस आपली जुडी सापडत नाही, असे जॉन थॉमस यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखविले. कृमीतील याच उपकुलाचे जनुक टीटीएक्स-३ हे उष्णतेची दिशा ओळखण्याच्या मंडलातील एका आंतरमज्जापेशीसाठी आवश्यक आहे, असे १९९७ मध्ये ऑलिव्हर होबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांस आढळले.

सस्तन प्राण्यांत या उपकुलाची दोन जनुके आहेत, एलएचएक्स-२ व एलएचएक्स-९. १९९९ मध्ये हुआन बोटास यांच्या गटाने मानवाचे एलएचएक्स-२ जनुक पंखहीन माशीत घातले आणि माशीस पंख आले. माशी व मानव यांचे पूर्वज एकमेकांपासून विभक्त होऊन पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. इतक्या अवधीनंतरही एकाच्या प्रथिनाने दुसऱ्याचे काम करावे, हा साम्याच्या तिसऱ्या अर्थाचा भक्कम पुरावा होय. परंतु तो माशीच्या शरीरात, माशीच्या कामापुरता मिळालेला पुरावा होता. सस्तन प्राण्याच्या मेंदूत हे जनुक निवडकर्त्याचे काम करते की काय, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

४. कॉर्टेक्सचा काठ

एलएचएक्स-२ नसलेल्या उंदराचे वर्णन फोर्ब्स पोर्टर, हायनर वेस्टफाल व सहकारी यांनी १९९७ मध्ये केले. अशा भ्रूणांस डोळे नसतात, त्यांच्या अग्रमेंदूची वाढ खुंटलेली असते आणि तांबड्या रक्तपेशींच्या अभावी ते जन्मापूर्वीच मरतात. कॉर्टेक्स अत्यंत लहान राहतो आणि हिप्पोकॅम्पस तर दिसतच नाही.

याच सुमारास शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत कॉर्टेक्सच्या एका दुर्लक्षित भागाकडे लक्ष गेले होते. भ्रूणाच्या अग्रमेंदूत कॉर्टेक्सचे आच्छादन जेथे मध्यरेषेपाशी संपते, तेथे लुगड्याच्या काठासारखी पेशींची एक अरुंद पट्टी असते. तीत विंगलेसच्याच कुलातील, म्हणजे डब्ल्यूएनटी कुलातील, अनेक संदेशवाहक जनुके व्यक्त होतात. ग्रोव्ह, शुभा तोळे व सहकारी यांनी १९९८ मध्ये या पट्टीचे वर्णन केले आणि तिला 'कॉर्टिकल हेम' असे नाव दिले. येथे तिचा उल्लेख काठ या शब्दानेच करू. या काठाला लागूनच हिप्पोकॅम्पस घडतो. काठातील डब्ल्यूएनटी-३ए हे एक जनुक नसले तर हिप्पोकॅम्पस जवळजवळ नाहीसाच होतो, असे २००० मध्ये सिद्ध झाले. स्मृतीशी निगडित असलेल्या या अवयवाची घडण शेजारच्या एका चिंचोळ्या पट्टीच्या संदेशांवर अवलंबून आहे, असे दिसू लागले.

काठाविषयी एक गोष्ट विशेष लक्षणीय होती. एलएचएक्स-२ हे कॉर्टेक्सच्या सर्व जनक पेशींत व्यक्त होते, पण काठात मात्र होत नाही. या निरीक्षणातूनच मुंबईतील कार्याचा धागा सुरू होतो.

५. मुंबईतील पूर्वपीठिका

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली ती मुख्यतः भौतिकी व गणित यांच्यासाठी. जीवशास्त्राचा प्रवेश १९६२ मध्ये झाला. त्या वर्षी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. आरंभी जीवाणूंच्या आनुवंशिकीवर काम करणारे सिद्दिकी पुढे कॅलिफोर्नियातील सिमोर बेंझर यांच्या सहवासात फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे वळले. त्या दोघांचा तापमानानुसार पंगू होणाऱ्या माशांवरील लेख १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईस व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीच्या गंध व रुची यांच्या आनुवंशिकीचे काम उभे केले. एका जनुकात बदल करावा आणि मज्जासंस्थेत काय बदलते ते पाहावे, ही विचारपद्धती अशा रीतीने कुलाब्यात एका पिढीपूर्वीच रुजली होती.

सिद्दिकी यांच्या पुढाकाराने नव्वदीच्या दशकाच्या आरंभी बंगळूर येथे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र उभे राहिले, आणि फळमाशीच्या कामाचा मोठा भाग तिकडे गेला. तेथे के. विजयराघवन यांच्या गटाने २००० मध्ये अ‍ॅप्टेरसचे माशीच्या उड्डाणस्नायूंच्या घडणीतील कार्य स्पष्ट केले. मुंबईत १९९९ मध्ये शुभा तोळे दाखल झाल्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पदवीचे शिक्षण, कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत डॉक्टरेट आणि शिकागोत काठाचा शोध, असा त्यांचा प्रवास होता. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेसाठी निवडलेला प्रश्न सरळ होता: कॉर्टेक्सची सीमा कोण ठरविते?

६. नाश की रूपांतर?

२००१ मध्ये दोन लेख प्रसिद्ध झाले. एक बुलचंद, ग्रोव्ह, पोर्टर व तोळे यांचा, दुसरा एडविन मोनुकी, पोर्टर व ख्रिस्तोफर वॉल्श यांचा. दोन्हींचा विषय एलएचएक्स-२ नसलेला अग्रमेंदू हाच होता. अशा भ्रूणात कॉर्टेक्स आकसलेला असतो हे पूर्वी ठाऊक होतेच. नवी गोष्ट ही की काठ मात्र आकसलेला नसून उलट प्रमाणाबाहेर विस्तारलेला असतो.

या वस्तुस्थितीचे दोन अर्थ लावता येत होते. पहिला असा की कॉर्टेक्सच्या पेशी वाढल्या नाहीत वा मेल्या आणि काठाच्या पेशींनी ती जागा व्यापली. या अर्थी एलएचएक्स-२ हे केवळ वाढीस पोषक ठरते. दुसरा असा की ज्या पेशी कॉर्टेक्स व्हावयाच्या त्याच काठ झाल्या. या अर्थी ते निवडकर्ते जनुक ठरते. पूर्णतः एलएचएक्स-२ रहित भ्रूणात हा वाद मिटणे शक्य नव्हते, कारण तेथे प्रत्येक पेशी सदोष असते, सर्व शेजारसंबंध बिघडलेले असतात, आणि अंतिम चित्र पाहून ते कोणत्या वाटेने तसे झाले हे सांगता येत नाही. जनुक काढल्यावर अवयव नाहीसा झाला, म्हणून जनुक त्या अवयवाचे कर्ते, हे अनुमान विद्यार्थ्यांच्या हातून नेहमी होते. त्यातील दुबळेपणा या उदाहरणाने चांगला उघड होतो.

वादाचे निराकरण करावयाचे तर सुदृढ पेशींच्या मध्ये एलएचएक्स-२ रहित पेशींचे ठिगळ असलेला संमिश्र मेंदू हवा होता. माशीच्या पंखात अशी ठिगळे पाडण्याचे तंत्र जुने होते. उंदराच्या मेंदूत ते साधणे कष्टाचे होते. तोळे यांच्या मुंबईतील आणि मोनुकी यांच्या कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील गटांनी हे काम संयुक्तपणे केले. मांगले व सहकाऱ्यांच्या नावे ते जानेवारी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संमिश्र भ्रूणांबरोबरच जनुक ठरावीक वेळी निष्क्रिय करण्याचे तंत्रही त्यात वापरलेले होते.

निष्कर्ष असंदिग्ध होता. सुदृढ कॉर्टेक्सने वेढलेली एलएचएक्स-२ रहित पेशींची ठिगळे नष्ट झाली नाहीत. मध्यरेषेच्या बाजूस ती काठ बनली. बाहेरच्या बाजूस ती 'प्रतिकाठ' बनली, म्हणजे कॉर्टेक्सच्या दुसऱ्या सीमेवरील पेशींसारखी झाली. शेजारी सुदृढ पेशी असूनही ठिगळातील पेशींनी आपले रूप बदलले, यावरून हा निर्णय प्रत्येक पेशीच्या अंतर्गत होतो हेही ठरले. म्हणजे रूपांतरच घडते, आणि एलएचएक्स-२ हे कॉर्टेक्सचे निवडकर्ते जनुक आहे.

याच प्रयोगातून दुसरा, आणि कदाचित अधिक विलक्षण, निष्कर्ष निघाला. भलत्या ठिकाणी उमटलेल्या प्रत्येक नव्या काठाला लागून, सुदृढ पेशींत, नवा हिप्पोकॅम्पस घडू लागला. एका गोलार्धात एकाऐवजी अनेक हिप्पोकॅम्पस दिसले. १९२४ मध्ये हान्स श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी एका सॅलमँडर भ्रूणाचा छोटा तुकडा दुसऱ्यावर कलम केला. त्या तुकड्याने यजमानाच्या पेशींकडून दुसरे शरीर घडवून घेतले. शेजारच्या पेशींना आपल्या आज्ञेत आणून अवयव रचविणाऱ्या अशा पेशीसमूहास संघटक म्हणतात. काठ नसला तर हिप्पोकॅम्पस होत नाही, एवढ्यावरून काठ आवश्यक ठरतो. काठ दिला तर हिप्पोकॅम्पस होतो, तेव्हाच तो संघटक ठरतो. २००८ च्या प्रयोगाने ही उणीव भरून काढली.

माशीच्या पंखाशी असलेले साम्य येथे डोळ्यांआड करता येत नाही. तेथे अ‍ॅप्टेरस काढलेल्या ठिगळाभोवती नवी कडा उमटते आणि तिच्यातून विंगलेस स्रवते. येथे एलएचएक्स-२ काढलेले ठिगळ नवा काठ बनते आणि त्यातून डब्ल्यूएनटी स्रवते. मात्र एक भेदही नोंदविणे अवश्य आहे. पंखाची कडा दोन प्रकारच्या पेशींच्या संपर्करेषेवर उपजते, तर कॉर्टेक्सचा काठ स्वतः एलएचएक्स-२ रहित पेशींचाच बनतो. चित्र सारखे दिसले म्हणून यंत्रणा एक असे मानणे त्या घटकेस घाईचे झाले असते.

७. काळाची मर्यादा

निवडकर्त्या जनुकाचा अधिकार कायमचा नसतो. एलएचएक्स-२ निष्क्रिय केल्याने कॉर्टेक्सचा काठ होतो तो केवळ भ्रूणावस्थेच्या आरंभी, जेव्हा कॉर्टेक्सच्या आवरणात निव्वळ मूलपेशीच असतात. मज्जापेशींची निर्मिती सुरू होण्यापूर्वीच ही मुदत संपते. डेनिस ओ'लिअरी यांच्या गटाने २००९ मध्ये असे दाखविले की त्यानंतर थोड्या अवधीत हेच जनुक आणखी एक निवड करते. तेव्हा ते काढले तर बाहेरच्या बाजूचा नवकॉर्टेक्स घ्राणकॉर्टेक्ससारखा होतो. एकच जनुक, पण प्रश्न पूर्वीचा नाही, म्हणून उत्तरही पूर्वीचे नाही.

याही पुढची अवस्था म्हणजे मज्जापेशी तयार होऊन संपत आल्या असता त्याच जनक पेशी तारकापेशी निर्माण करू लागतात ती. मुंबईच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामानुसार हिप्पोकॅम्पसमध्ये हा पालट कधी व्हावा हे एलएचएक्स-२ वर अवलंबून असते. ते काढले तर तारकापेशी अकाली निर्माण होतात. ते अधिक दिले तर मज्जापेशींची निर्मिती लांबते. नवकॉर्टेक्सात मात्र त्याचा असा परिणाम होत नाही. २०१७ मध्ये त्याच गटाने असे दाखविले की नवकॉर्टेक्सात एलएचएक्स-२ हे गुणसूत्रद्रव्याची घडी बदलणाऱ्या एका प्रथिनसंघाशी संलग्न होऊन खोल थरांतील मज्जापेशींचे प्रकार ठरविण्यात भाग घेते.

अशा रीतीने एका जनुकाची निदान चार कार्ये पुढे आली, आणि एक नवी अडचण उभी राहिली. कार्य जर स्थळकाळानुसार इतके बदलते, तर माशी ते उंदीर टिकून राहिले आहे ते नेमके काय?

८. यंत्रणेचे साम्य

या प्रश्नाचे उत्तर लिम खंडातच दडलेले होते. होमिओडोमेन डीएनएला चिकटतो, परंतु लिम खंड डीएनएला चिकटत नाही. तो इतर प्रथिनांशी हातमिळवणी करतो. १९९६ मध्ये लिम खंडास धरणारे एक सहप्रथिन सापडले. त्यास एलडीबी-१ म्हणतात. माशीतील त्याचे समजात प्रथिन चिप या नावाने ओळखले जाते. या प्रथिनाच्या एका टोकास लिम खंडास पकडण्याची सोय आहे आणि दुसऱ्या टोकास आपल्याच सारख्या दुसऱ्या रेणूशी जुळण्याची. म्हणून दोन चिप रेणू एकमेकांत गुंततात आणि प्रत्येक जण एक अ‍ॅप्टेरस रेणू धरून ठेवतो. चार रेणूंचा हा संघ पुरा झाला तरच अ‍ॅप्टेरस काम करते. १९९८-९९ च्या सुमारास माशीच्या पंखावरील प्रयोगांनी हे सिद्ध केले. त्यांतील सर्वांत बोलका प्रयोग पुढीलप्रमाणे होता. अ‍ॅप्टेरसचा डीएनएला चिकटणारा भाग आणि चिपचा जुळणारा भाग एकाच प्रथिनात जोडून दिला, म्हणजे मधली लिम खंडाची हातमिळवणी अनावश्यकच केली, तरी काम व्यवस्थित चालले. तेव्हा लिम खंडाचे या ठिकाणचे कार्य म्हणजे दोन होमिओडोमेनांना एकत्र आणणे, एवढेच ठरते.

हाच प्रयोग उंदराच्या मेंदूत करून पाहणे ही साम्याच्या चौथ्या अर्थाची कसोटी होती. ती मुंबईत घेण्यात आली. किनरे, तोळे व सहकारी यांचा लेख २०२० मध्ये 'डेव्हलपमेंट' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एलएचएक्स-२ काढले काय किंवा एलडीबी-१ काढले काय, हिप्पोकॅम्पसची घडण सारखीच गंभीरपणे बिघडते, हे त्यात प्रथम दाखविले आहे. त्यानंतर एलएचएक्स-२ चे होमिओडोमेन आणि एलडीबी-१ चा जुळणारा भाग यांचे एक जोडप्रथिन रचून त्याचे जनुक विजेच्या स्पंदांच्या साहाय्याने एलडीबी-१ रहित भ्रूणाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये घातले. ज्या पेशींत ते शिरले त्या पेशींनी आपापल्या क्षेत्राची रेणवीय ओळख पुन्हा मिळविली, आणि मज्जापेशी की तारकापेशी हा पालटही पूर्ववत नियंत्रणात आला. माशीच्या पंखात जे यंत्र सापडले तेच यंत्र सस्तन प्राण्याच्या स्मृतीच्या अवयवात चालू असल्याचे अशा रीतीने प्रत्यक्ष प्रयोगाने ठरले.

९. उपसंहार

मागील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लिम-होमिओडोमेन कुलात जे टिकून राहिले आहे ते अवयव नव्हे, पेशीचा प्रकार नव्हे आणि एखादे ठरीव कार्यही नव्हे. अ‍ॅप्टेरस हे पंखाचे जनुक नव्हे आणि एलएचएक्स-२ हे कॉर्टेक्सचे जनुक नव्हे, जरी सोयीसाठी तसे म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी. टिकून राहिली आहे ती निवड करण्याची एक रेणवीय रीत. दोन होमिओडोमेन एकत्र आणावयाचे, त्यांच्या साहाय्याने एक मार्ग खुला करावयाचा आणि दुसरा दाबून ठेवावयाचा. मार्ग कोणते, हे त्या त्या प्राण्याच्या, त्या त्या पेशीच्या आणि त्या त्या घटकेच्या परिस्थितीवर सोपविलेले असते. म्हणूनच मज्जासंस्थेहून जुने असलेले हे कुल मज्जासंस्थेच्या असंख्य प्रकारच्या पेशी घडविण्यास पुरे पडले.

हा निष्कर्ष मिळण्यास किती काळ लागला हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९८ मध्ये काठाचे वर्णन झाले, २००१ मध्ये त्याचा विस्तार दिसला, २००८ मध्ये त्या विस्ताराचा अर्थ कळला आणि २०२० मध्ये त्यामागील यंत्र ओळखले गेले. एकाच प्रश्नाचा बावीस वर्षे पाठपुरावा करणे हे प्रयोगशाळेच्या सातत्याचे लक्षण आहे, आणि त्यात डॉक्टरेटसाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांचे श्रम आहेत. शुभा तोळे यांस २०१० मध्ये शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पारितोषिक मिळाले, ही या कार्याची सार्वजनिक पोच होय.

मानवी दृष्टीनेही या ज्ञानास महत्त्व आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एलएचएक्स-२ च्या दोन प्रतींपैकी एकीत दोष असलेल्या व्यक्तींचे वर्णन आले. त्यांच्यात बौद्धिक विकासातील विलंबासारख्या विविध प्रकारच्या अडचणी आढळल्या, आणि त्यांची तीव्रता व्यक्तिगणिक भिन्न होती. उंदरात एक प्रत शाबूत असली तर मेंदू बहुतांशी ठीक घडतो, मग मानवात तसे का होत नाही? प्रथिनाच्या प्रमाणात पडलेला फरक चार रेणूंच्या संघास कोणत्या पायरीवर भोवतो, आणि भ्रूणावस्थेतील चार निवडींपैकी कोणती निवड त्यामुळे डळमळते? साम्याचा चौथा अर्थ सिद्ध झाल्यामुळेच हे प्रश्न आता नेमक्या शब्दांत विचारता येतात. त्यांची उत्तरे शोधताना मात्र साम्याइतकेच प्राण्याप्राण्यांतील भेदांकडेही लक्ष द्यावे लागेल.